बापाची कोठडी

आठवलं का अजूनही डोकं भणभणते, बाप्पा! करडी गावची माही ऐंशी वर्षांची आत्या मनली, "मले किल्ला दाखव." किल्ल्यात आता जेल हाय, तरी तिले घेऊन गेलो. दारावरच्या शिपायानं अडवलं.

"कोणाले भेटाचं हाय?"

"कोणाले नाही," आत्या मनली. "इंग्रजायनं माह्या बापाले इथंच कोंडलं होतं. ती कोठडी पाहाची हाय."

"आधार कार्ड?"

कार्ड घरीच राहिलं होतं.

"मंग जा वापस. असं कोणालेई आत सोडत नाही."

मी तोंड उघडाच्या आधी आत्याच कडाडली, "काहून रे? माह्या बापाले आत टाकताना कोणी कार्ड मांगतलं नोतं!"

शिपायानं मान खाली घातली. दार मात्र उघडलं नाही.