जळका ट्वीटर

"ताई, हा बेबी मॉनिटर खरखर गाळतो, पण तिच्याबरोबर बारीक आवाजही गाळतो," असं दुरुस्तीवाल्या साईनाथनं बजावलं होतं. तेजस्विनीनं ते हसण्यावारी नेलं. बाळाच्या खोलीतलं फोनवर कसं मऊ, गोड ऐकू यायचं! आज ती मिक्सर घेऊन त्याच्याच कोथरूडच्या दुकानात आली, तर पुढे एक आजोबा उभे होते.

"स्पीकरचा तो बारीक आवाजाचा भोंगा, जुना ट्वीटर, परत बसवा."

"अहो काका, तो जळलेला होता. आता स्वच्छ ऐकू येत नाही का?"

"फार स्वच्छ येतं."

"वा! ही तक्रार पुण्यातच येऊ शकते."

"मालनच्या भजनाची टेप आहे. ती गेली त्याच दिवशी घरी भरलेली. तीन वर्षं रोज ऐकतोय. गोड वाटायची."

"आणि आता?"

"दोन कडव्यांच्या मधे हळूच म्हणते, 'अहो, जरा आत येता का?'"

"तुम्ही कुठे होतात तेव्हा?"

"बाहेरच्या खोलीत. पेपर वाचत."

"काका, बसा जरा."

"सोमवारी एकदाच म्हणाली. काल तीनदा."

"टेपमध्ये भर पडत नसते, काका."

"म्हणून तर म्हणतो, जळकाच बसवा."

"बसवतो. पण आता ती तुम्हाला ऐकू येणारच."

तेजस्विनीनं फोनवर मॉनिटर लावून तो कानाशी धरला. बाळ आत झोपलेलं, सासूबाई देवघरात. फोनमधून मऊ, गोड शांतता येत होती. मिक्सर काउंटरवरच टाकून ती घराकडे पळत सुटली.

तुमच्याही आतल्या खोलीत कुणी असेल, तर हे बाजूला ठेवा आणि आधी एकदा बघून या.