उसनी मेमरी

(फोनवर. मनोज अकोल्यात, जठारपेठेतल्या घरी. त्याच्या बायकोची धाकटी बहीण अपेक्षा अमरावतीत.)

मनोज : पुन्हा मेला! खाली तोच एक शब्द येते, ‘किल्ड’, अन् प्रोग्राम बंद.

अपेक्षा : मेमरी भरली, जिजाजी. ताईच्या सगळ्या रेकॉर्डिंगवरून तिच्या आवाजात बोलायला शिकणं त्या जुन्या मशीनला झेपत नाही.

मनोज : मंग तुह्या कॉलेजातल्या मोठ्या मशीनवर काहून नाई लावत?

अपेक्षा : ताईच नाही म्हणाली ना. घशाच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी आवाज भरून घेतला, तेव्हाच म्हणाली, माझा आवाज घराबाहेर जाऊ देऊ नका.

मनोज : हौ. तवा बोलता येत होतं तिले.

अपेक्षा : ऐका. डिस्कमधली थोडी जागा आपण मेमरी म्हणून उसनी देऊ. स्वॅप म्हणतात त्याला. ती काळी खिडकी उघडा. लिहा, सुडो. मग फॅलोकेट, डॅश एल, आठ जी. पुढं तिरपी रेघ, स्वॅपफाइल.

मनोज : हळू सांग व. हार गुंफनारे हात हायेत माहे… पासवर्ड मांगून राहिलं.

अपेक्षा : टाका. दिसणार नाही, पण जातो.

मनोज : टाकला. काईच नाई बोललं.

अपेक्षा : काही बोललं नाही म्हणजे बरोबर झालं. आता सीएचमॉड सहाशे, म्हणजे ती फाइल दुसऱ्या कोणाला वाचता येणार नाही. मग एमकेस्वॅप, मग स्वॅपऑन. तिन्हींच्या पुढं तीच फाइल, अन् आधी सुडो.

मनोज : झालं. आठ जीबी दाखवून राहिलं.

अपेक्षा : आता लावा प्रोग्राम. ही जागा फार संथ असते. दिवस लागतील, पण मरणार नाही.

(काही दिवसांनी. पुन्हा फोन.)

अपेक्षा : झाला पूर्ण? मग सांगितलं काहून नाही? ताईनं ऐकला?

मनोज : ऐकला. तिनंच टाइप केलं, ‘काहून जी, जेवले नाई का अजून?’ दुकानावर डबा घेऊन आली का हेच म्हने ना.

अपेक्षा : मग?

मनोज : बोललं मशीन. आवाज तिचाच हाय, अपेक्षा. पन भेलेला. ऑपरेशनच्या आदल्या दिवशीचा. ‘जेवले नाई का’ इचारते, अन् वाटते आता रडते.

अपेक्षा : …जुन्या व्हॉइस नोट असतील ना? लग्नातलं काही?

मनोज : लग्नात फोटोच काढले. मोबाइल पान्यात पडला, त्यातलं सारं गेलं. गिऱ्हाइकासंग भांडे, मोगऱ्याच्या टोपलीवर बसून खो खो हासे, ते कोन भरून घेते, बाप्पा?

अपेक्षा : मी सेटिंग बदलते. स्वॅप अजून वाढवू, पुन्हा शिकवू त्याला.

मनोज : शिकवशीन कायच्यावरून? भेवच भरलं हाय त्यात.

अपेक्षा : ताई काय म्हणाली?… म्हणजे, काय लिहिलं तिनं?

मनोज : ‘बंद करा.’ मंग सोताच उठली, वायर काढली.

अपेक्षा : जिजाजी, मी रविवारी येते.

मनोज : ये. थांब, तिची टाळी वाजली. मले बोलावून राहिली. ठेवतो.