पान्याचं वजन

नानासो : माझं ऐका, पाना-बिना ऱ्हाऊ द्या. गाडीच देऊन टाका मला भंगारात. दोन बोल्ट तुटले न्हवं?

(१९४६ चा उन्हाळा. सांगलीच्या पेठेमागं नानासोंची भंगाराची वखार. लढाई संपली तसा मिलिटरीचा लिलावातला माल इथं ढिगानं येऊन पडलाय. पलटणीत मोटार-मेकॅनिक असलेले हंबीरराव शिराळ्याकडून सर्व्हिस मोटारीनं सकाळीच आलेत आणि भर उन्हात त्या ढिगापाशी उकिडवे बसलेत. शेजारी पदर डोक्यावर ओढून त्यांची बायको, बनुबाई.)

हंबीरराव : तुटले. आनि तिसरा तुटला तर त्या इंजनात राम न्हाई ऱ्हायचा. मग गाडी तुजीच. पन तोवर न्हाई. दारातच मोटरसायकलीचं काम सुरू करायचं ठरीवलंय म्या. पयली दुरुस्ती माज्याच गाडीची.

नानासो : मग ह्यो घ्या की! दोन हात लांब दांडा. नुसतं लोंबकळायचं, बोल्टाची काय टाप हाय ढिला ऱ्हायची?

हंबीरराव : लोंबकळूनच तुटले ते. मला काट्याचा पाना पायजे. टॉर्क पाना म्हंतेत मिल्ट्रीत. त्यो बग, त्या साखळ्यांखाली. एक सोडून दोन हायत.

बनुबाई : काट्याचा म्हंजी वो?

हंबीरराव : ह्यो दांडा वढला की वाकतो. त्याच्या संगतीला ही बारीक सळई हाय, ती वाकत न्हाई. तिचं टोक ह्या पट्टीवर आकडा दावतं, किती जोर लागला त्याचा. हेडाच्या, म्हंजी इंजनाच्या वरच्या झाकनाच्या, बोल्टाला पंचवीस. वर्कशॉपच्या भिंतीवर तक्ता हुता, पाठ हाय मला. पंचवीसला थांबायचं म्हंजी थांबायचं.

बनुबाई : जोराचा ताजवाच म्हना की.

हंबीरराव : बराब्बर!

नानासो : आवं वैनी, तुमच्या मालकांनी पाच वर्सं मोटारी खोलल्यात. अशा मानसाच्या हातालाच कळतंय कुठं थांबायचं त्ये. काटा लागतोय नवशिक्याला.

हंबीरराव : मिल्ट्रीचा कायदा हाय त्यो.

नानासो : मिल्ट्री सुटून वरीस होत आलं की!

हंबीरराव : कायदा कुठं सुटतोय? बरं, बोलनं बास. एक पाना चकचकीत, एक गंजका. खरा कुठला त्ये बगू. ह्या वाईसच्या पकडीमदी पान्याचं डोकं आवळून धरायचं, दांडा आडवा. हितनं मुठीपातूर एक फूट. मुठीला वीस पौंड टांगलं की काट्यानं वीस दावलं पायजे. दहा शेराचं वजन दे. दहा शेर म्हंजी सुमार वीस पौंड.

नानासो : ह्ये घ्या. पन सरकारी माल हाय, शंका घ्यायला जागा न्हाई.

हंबीरराव : टांगलं. …आं? पंचवीस?

नानासो : मग खोटा असंल त्यो. म्हनून म्हनलं, लांब दांडा घ्या.

हंबीरराव : थांब, गंजका लावतो. …ह्योबी पंचवीस!

बनुबाई : दोघं खोटं बोलत्यात, आन तेबी अगदी सारखंच?

नानासो : एकाच ट्रकातनं आल्यात, वैनी.

बनुबाई : दादा, त्या चिरगुटाखाली आनि एक वजन दिसतंय. त्ये द्या बगू.

नानासो : त्ये व्हय? त्ये… त्ये जुनं हाय. झिजलंय.

हंबीरराव : आन हिकडं. ह्याच्यावरबी दहा शेराचाच छाप हाय की. टांगतो. …अठरा! आता आली का पंचाईत. पान्यावर इस्वास ठिवावा का वजनावर?

बनुबाई : मग पान्यानंच बगा की.

हंबीरराव : अगं, पान्यानंच तर बगतोय सकाळधरनं! शंका पान्याचीच हाय न्हवं?

बनुबाई : आवं, त्यो पाना न्हवं! पानी. प्यायचं पानी! त्याच्यावर कोन खोटा छाप मारतंय? किती पानी म्हंजी किती वजन, ह्येचा काय कायदा न्हाई व्हय तुमच्या मिल्ट्रीत?

हंबीरराव : हाय की! गॅलनला धा पौंड. वर्कशॉपात पयल्या दिशी शिकवलं हुतं, आन मी हितं शेर मोजत बसलोय! नानासो, त्यो पेट्रोलचा रिकामा डबा दे, दोन गॅलनचा.

नानासो : डबा हाय, पन पानी कुठलं आनू? नळाला पानी न्हाई.

बनुबाई : दारातला रांजन काठोकाठ भरलाय तुमचा. मी आनते.

हंबीरराव : आदी रिकामा डबा टांगू. चकचकीत पान्यावर… चार. गंजक्यावरबी चार. आता भरून. सांडू नगोस गं. …चोवीस! चोवीसातनं डब्याचं चार काढलं, ऱ्हायलं वीस. आन गंजका? …चोवीसच! दोघं खरं निघालं!

बनुबाई : पाना खरा, पानी खरं. मग आता ऱ्हायलं कोन, दादा?

नानासो : …त्ये असं हाय, वैनी. एक वजन घ्यायचं, एक द्यायचं.

हंबीरराव : म्हंजी माजी गाडी भंगारात घेताना बारा शेर लोखंडाला दहा म्हननार हुतास? वा रं गड्या!

नानासो : चुकलं. पाया पडतो, पन बोभाटा नगो. पाना न्या, वाजवी वाटंल त्ये द्या.

बनुबाई : बोभाटा न्हाई करत. तेवढी दोनी वजनं त्या ढिगावर टाका. भंगारच हाय त्ये.

नानासो : टाकली बगा, तुमच्या डोळ्यांदेखत. आन ह्यो पाना पुसून देतो, आनि मग… आय गं! पोळलं की! उन्हात नुसता रसरसलाय. हंबीरराव, तुमी मगाधरनं ह्यो उघड्या हातानं धरलाय?

हंबीरराव : सवय हाय मला.

नानासो : निखारं धरायची सवय? आजच ऐकतोय.

बनुबाई : दादा, एखादं वलं फडकं मिळंल का? आन च्या सांगा बगू तिघांचा.

नानासो : सांगतो की. आलोच.

बनुबाई : दावा हात.

हंबीरराव : काय झालं न्हाई त्याला.

बनुबाई : फोड आलाय. अंगठ्याला.

हंबीरराव : …इटलीत दोन दिस बर्फात गाडीखाली पडून काम केलं. तवापासनं अंगठा आन ही दोन बोटं मुकी हायत. दिसायला धडधाकट. पयला बोल्ट तुटला तवा म्हनलं, बोल्टच वाईट असंल. दुसरा तुटला तवा कळलं. हाताला समजंना कुठं थांबायचं त्ये. लय भ्या वाटलं बग. हात गेला तर मेकॅनिक कसला? मग रानातला ऊस हाय आन मी हाय.

बनुबाई : ठावं हाय मला.

हंबीरराव : कवापासनं?

बनुबाई : तुमी घरी आल्यापासनं. तव्यावरची भाकरी उचलता, तिच्यावर फुंकर मारत न्हाई.

हंबीरराव : मग बोलली का न्हाईस?

बनुबाई : तुमी सांगाल म्हनून थांबले.

हंबीरराव : सांगितलं आता.

बनुबाई : लय बरं झालं. बोला, चकचकीत घ्यायचा का गंजका?

हंबीरराव : गंजका. डबा काढल्यावर चकचकीताचा काटा एकावर अडून बसला, ह्येचा मुकाट शून्यावर गेला. पन एक अडचन हाय. काटा समोरनं बगावा लागतोय, तिरका बगितला की आकडा चुकतो. वढनाऱ्याला त्यो धड दिसत न्हाई. वर्कशॉपात एकानं वढायचं, दुसऱ्यानं बगायचं.

बनुबाई : ह्येतला पंचवीस कुठला? इंग्रजी आकडं मला कळत न्हाईत.

हंबीरराव : ही रेघ.

बनुबाई : नानासोंची चंची ऱ्हायलीया बगा हितं. त्यातलं चुन्याचं बोट लावा त्या रेघंवर.

हंबीरराव : लावलं. पन उद्या गिऱ्हाईक काय म्हनंल? बाई बास म्हंती आन मेकॅनिक थांबतो?

बनुबाई : म्हनू दे की. बोल्ट तुटला न्हाई म्हंजी पुन्ना आपल्याच दारात येतंय.

हंबीरराव : त्येबी खरंच. ह्यो भंगारातला बोल्ट धरतो वाईसमदी. बस हितं समोर. दिसतोय चुना?

बनुबाई : दिसतोय. वढा.

हंबीरराव : वढतोय.

बनुबाई : अजून. …अजून जरा. …बास.

हंबीरराव : थांबलो.