दिवेलागणीची घंटी

(सौंसर. बसस्टँडमागचं रेडिओ-दुरुस्तीचं दुकान. मागच्या दाराआड घर. संध्याकाळ.)

इंदू : टाकी भरल्याचा भोंगा नको म्हणते ना मी! लाइन गेली की आपोआप लागते तो दिवाबी नको. मले घंटी पायजे, वामनकाका. आजारी माणसाची.

वामनराव : ती मी आता बनवत नाही.

इंदू : काहून? पेटंट तं भिंतीवर टांगून हाये.

वामनराव : पेटंट तिन्हींचं आहे. दिवा घे. तुमच्या रामाकोन्यात लाइन सारखी जाते.

इंदू : दिव्यानं माह्या मायची छाती दबायची थांबते का? मी शाळेत शिकवाले गेली की माय एकटी. शाळा समोरच हाये, रस्ता ओलांडला की घर. पण आवाज द्यायची ताकद नाही तिच्यात. बटन दाबू शकते.

वामनराव : शेजारी कोणी नाही?

इंदू : मनकर्णाबाई हाये, दिवसभर संत्र्याच्या तोडीवर. तुमी चांगले हाये बाप्पा! यंत्र बनवणारा माणूस मले शेजारीण दाखवून राहिला.

वामनराव : यंत्रावर फार भरवसा ठेवू नये.

इंदू : हे तुमी म्हणता? आमच्या शाळेत दाखवाले आलते तेव्हा बटन काकूनंच दाबलं होतं. "यांच्या घंटीच्या जोरावर मी जित्ती हाये" म्हणे. पोरं किती हसले!

वामनराव : नलिनी तसंच बोलायची.

इंदू : काका, बाजारात लोक म्हणतात, काकू गेली त्या वेळी घंटी बिघडून होती. तसं असंन तं सांगा. मी दुसरं काही पाहीन.

वामनराव : म्हणू दे लोकांना. मलाही तेच बरं वाटतं.

इंदू : म्हणजे बिघडली नोती?

वामनराव : वाजली. चांगली खणखणीत वाजली.

इंदू : तुमी दुकानात नोते?

वामनराव : इथंच होतो. याच स्टुलावर. बोरगावच्या रघुनाथरावांचा ट्रान्झिस्टर उघडून बसलो होतो.

इंदू : मंग?

वामनराव : आमचा नेम होता. दिवेलागणीला तिनं आतून, खाटेवरून, एकदा बटन दाबायचं. सेल उतरले की नाही ते कळावं म्हणून. मीच लावून दिलेला. घंटी वाजली की मी इथून ओरडायचो, "चालू आहे गं!"

इंदू : अन् त्या दिवशी...

वामनराव : दिवेलागणीलाच वाजली. मी ओरडलो, "चालू आहे गं!" वर रघुनाथरावांना म्हटलं, पाहा, सरकारनं पेटंट उगीच नाही दिलं. ते हसले. मग मी ट्रान्झिस्टरच्या तारांना डाग देत बसलो. त्यांना पान दिलं.

इंदू : पुन्हा नाही वाजली?

वामनराव : ताकद एकदाचीच असेल.

इंदू : डॉक्टर काय म्हणे?

वामनराव : लगेच गेलो असतो तरी वाचली असती असं नाही, म्हणाले.

इंदू : तेच तं मीबी म्हणते, काका.

वामनराव : जवळ तरी असतो.

इंदू : ...तरी मले घंटी पायजे.

वामनराव : ऐकलंस ना सगळं?

इंदू : ऐकलं म्हणूनच. आमच्याकडं नेम-बिम नाही ठेवत. वाजली की पळत सुटीन. पोरं हसो का हेडमास्तर बोलो.

वामनराव : नेम ठेवावाच लागतो पोरी. सेल खरंच उतरतात. फक्त बटन तू दाब, मायच्या खाटेजवळ उभी राहून. शाळेतून कोणी हात केला की समजायचं, चालू आहे. आईला टेस्ट करू देऊ नकोस. तिनं दाबलं, की ते तुला बोलावणंच.

इंदू : हौ. मंग येता तं बसवाले?

वामनराव : उद्या सकाळच्या बसनं येतो. रस्त्यावरून तार न्यावी लागेल, बांबू उभे करून ठेव. घंटी मात्र नवी जोडावी लागेल रात्रीतून.

इंदू : नवी कायले? हे तुमच्या डोक्यावर हाये ना, तयार. हेच द्या काढून.

वामनराव : ती नाही. ती लावलेली आहे.

इंदू : सेल हाये तिच्यात?

वामनराव : बदलतो मी.

इंदू : आता कोण दाबते, काका?

वामनराव : समोर दिवे लागले बघ. तू बस जरा. मी आत पाहून येतो.