सव्वा मूठ

(श्रावण. घरी कानबाई देवी बसायच्या आदल्या दिवशीची दुपार. अमळनेरजवळच्या एका गावातलं स्वयंपाकघर. माहेरी आलेली दिपमाला रोटाचे, म्हणजे कानबाईच्या नैवेद्याचे, गहू निवडते आहे. धाकटा भाऊ भूषण समोर बसला आहे. आई मंजुळाबाई चुलीपाशी.)

दिपमाला : नाही सांगणार.

भूषण : अक्का, एक नाव. त्या एका नावासाठी पुण्याहून आलोय मी.

दिपमाला : मला वाटलं कानबाईसाठी आलास.

भूषण : दोन्हीसाठी. शुक्रवारी माझ्या मोबाइल गेमचा दुसरा भाग लॉन्च होतोय. आठ देव तयार आहेत, नववीची जागा रिकामी आहे. तुझ्या लहानपणीच्या वहीत नऊ आकडा आहे, 'नववी देवी' लिहिलंय आणि पुढं पान कोरं.

दिपमाला : माझ्या वहीत. बरं झालं बोललास. कॉलेजला जाताना ती वही तुझ्या बॅगेत गेली, ते आज कळलं.

भूषण : आठवण म्हणून नेली होती.

मंजुळाबाई : काय बोली ऱ्हायनात रे दोन्ही? गहू निवडाई गयात का, दिपा? एक खडा राही गया तं कानबाई मायले चालत नही.

दिपमाला : व्हई गयात, आई.

भूषण : तुला तर आनंद व्हायला हवा. नाल्याच्या पलीकडं खडकांवर बसून आपण जे राज्य रचलं, ते आज लाखभर पोरं खेळतात. पैलाडचं राज्य. उलट्या पायांचा देव, त्याच्या देवळात चपला उलट्या घालून जायचं. गोफणराजा, त्याला फुलं वाहायची नाहीत, सात दगड मारायचे. धूळनाथाची पूजा डोळे मिटून, कारण उघडले की तो डोळ्यांत जातो. लोक वेडे झालेत अक्का.

दिपमाला : आपण रचलं?

भूषण : तू रचायचीस. मी होतोच ना तिथं.

दिपमाला : होतास. दगड गोळा करायला. गेम सुरू होताना नाव काय येतं? 'संकल्पना : भूषण'. माझ्या डिंपलनं वाचून दाखवलं. म्हणाली, मामाला किती सुचतं गं.

भूषण : ते चुकलं माझं. या भागात तुझे आभार टाकतो.

दिपमाला : आभार राहू दे. मुठाईचं काय केलंस ते सांग.

भूषण : काय केलं? सगळ्यात जास्त चालते ती देवी. सकाळी तिच्या परातीत धान्याची मूठ टाकायची. ती मोजते. ज्याची मूठ मोजली, त्याला वर्षभर राज्यात कोणी हात लावत नाही. शब्द न् शब्द तुझाच आहे.

दिपमाला : डिंपलनं खेळायला बाईचं पात्र घेतलं. मुठाईपुढं गेली, मूठ टाकली. मोबाइलवर काय आलं माहितेय? 'ही मूठ मोजली जात नाही. घरातल्या पुरुषाला बोलवा.'

भूषण : हो, तो नियम आहे. बाई घेतली की वेगळी वाट मिळते, तिला जादू जास्त असते.

दिपमाला : वहीत कुठं आहे हा नियम?

भूषण : असेल ना कुठंतरी.

दिपमाला : मुठाई मी कधी रचली, आठवतं?

भूषण : उन्हाळ्याच्या सुट्टीत.

दिपमाला : कानबाईच्या आदल्या दिवशी. मी नऊ वर्षांची, तू सहाचा. इथंच, या जागी, आजी रोटाचे गहू मोजत होती. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ. आजोबांची, नानांची, रुपचंदकाकांची. मग तुझी. तुझी टाकताना तुला मांडीवर घेतलं होतं. मी विचारलं, माझी? आजी म्हणाली, तू जाशील दुसऱ्याच्या घरी, तुझी मूठ तिकडं. मी नाल्यावर जाऊन रडले आणि मुठाई रचली. तिच्याकडं सगळ्यांची मूठ मोजतात. बाईची, पोरीची, सालदाराच्या पोरीचीसुद्धा. तेवढ्यासाठीच ती होती, भूषण. तिला दुसरं काही कामच नव्हतं.

भूषण : मुद्दाम नाही केलं गं. नियम लिहिताना ते आपोआप आलं. मूठ म्हटली की अशीच मोजतात, हे डोक्यात बसलेलं.

दिपमाला : तेच म्हणते मी. इथं आजी होती, आता आई आहे. पैलाडला कोण होतं? तिथं मोजायला एकटा तूच होतास.

भूषण : बदलतो. पण आत्ता नाही होणार. सगळं टेस्ट होऊन गेलंय. तो एक नियम काढला तर अर्ध्या लढाया बिघडतात. पुढच्या भागात नक्की.

मंजुळाबाई : भूषण, तू पुनामा बसीसन कानबाईना खेळ कया का रे?

भूषण : कानबाईचा नाही आई. खोट्या देवांचा.

दिपमाला : भडगावला सासरी गेले, तर पहिल्या श्रावणात वाट पाहिली मी. सासऱ्यांची मूठ पडली, ह्यांची पडली, दिराची पडली. मी परात धरून उभी. आजीनं सांगितलेली माझी मूठ वाटेत कुठं सांडली, कोणास ठाऊक.

भूषण : कधी बोलली नाहीस.

दिपमाला : कोणी विचारलं? आता तूही नववीचं नाव विचारायला आलास, मला नाही. बरं, देते. नाव, पूजा, नैवेद्य, सगळं देते. एक काम कर. आता आई मोजायला बसेल. त्या पाटीत माझ्या नावाची सव्वा मूठ टाक. तुझ्या हातानं.

भूषण : आई टाकू देईल?

दिपमाला : मी तुला सांगतेय, आईला नाही.

मंजुळाबाई : दिपा, ऊठ व माय. आते मोजाले बसस मी. तू वट्टावर बस.

दिपमाला : जास, आई. बघ भूषण, सकाळपासून पाठ मोडून निवडले. निवडायला मी चालते, गिरणीवर न्यायला चालते, मोजताना चालत नाही. बाहेर ओट्यावर आहे मी. मूठ पडली की हाक मार.

मंजुळाबाई : हाई तुना बापनी. हाई तुना काकानी. हाई तुनी. काय दखी ऱ्हायना रे पाटीमा?

भूषण : आई, अक्काची एक मूठ...

मंजुळाबाई : मना कान शेतस. बठ्ठं ऐकं मी.

भूषण : मग टाकशील?

मंजुळाबाई : मना हातथीन व्हत नही. मनी सासू मोजे, तशी मी मोजस. मनी मूठ बी कोणी टाकी नही आजलोंग. पन तुना हात पुरुषना शे. तू टाक. मी चुल्हाकडे तोंड करस.

भूषण : तुला चालेल?

मंजुळाबाई : मी दखसूच नही. टाक.

भूषण : काही होत नाही ना? म्हणजे, माप चुकलं म्हणून? प्रेमराजकाकांकडं एका वर्षी मूठ जास्त पडली आणि आठ दिवसांत त्यांचा बैल गेला.

मंजुळाबाई : तो बैल म्हतारा व्हता, भूषण.

भूषण : शुक्रवारी लॉन्च आहे आई. दोन वर्षं झोप नाही मला. यंदा राहू दे. पुढच्या श्रावणात बघू.

मंजुळाबाई : आनि ती वट्टावर बठेल शे, तिले काय सांगू?

भूषण : तू नको सांगूस. मी बोलेन नंतर. नववीचं नाव काय, मीच ठेवतो काहीतरी.

मंजुळाबाई : ठेव. मंग पाटी झाक आनि तिले हाक मार. गहू गिरणीवर लई जावाले कोणीतरी पाहिजे.