बन्सीलालचे डास आणि झुंबरबाईंची भिंत

...आणि म्हणे जावई वाया गेला! अहो, कुठून वाया गेला? तुम्हाला सांगतो, धुळ्याच्या हिवताप खात्याच्या प्रयोगशाळेत बसून दिवसाला चाळीस चाळीस डासांची पोटं उघडणारा माणूस, देवपुरात दोन खोल्यांत राहणारा, सुपारीचं खांडसुद्धा तोंडात न टाकणारा हा बन्सीलाल, आणि सासूबाई झुंबरबाई अख्ख्या गल्लीला ऐकवतात काय? "मच्छरमाऱ्या! वाया गयात जवाई!" का? तर यानं बायकोला पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी पाठवायला नकार दिला म्हणून. म्हणजे सरळ नकार नाही हो... "आधी घरात डीडीटी मारून घ्या, मग पाठवतो," एवढंच म्हणाला. आता यात बन्सीलालचं काय चुकलं?

माहेर दोंडाईच्याजवळच्या खेड्यात. गल्लीत चार घरं तापानं फणफणलेली. फवारणीवाले दोनदा पंप घेऊन गेले आणि दोन्ही वेळा झुंबरबाई त्यांना केरसुणी घेऊन वेशीपर्यंत पोचवून आल्या! "मनी भीतले कोनी हात लावाना नही!" बरं, भिंतीत असं काय पुरलंय? ते मात्र विचारायचं नाही.

आणि हिवतापाचं बाळंतिणीशी काय वाकडं असतं, ते बन्सीलालला ठाऊक. दिवसभर हिवतापच तर बघायचा! मिठाच्या पाण्याच्या थेंबात डास ठेवायचा, सुईनं अलगद ओढून त्याचं पोट बाहेर काढायचं, मायक्रोस्कोपखाली धरायचं, आणि बघायचं, तर पोटाला बाहेरून बारीक बारीक गोल मणी चिकटलेले. तेच हिवतापाचं बी! दहाबारा दिवस फुगतात, फुटतात, डासाच्या सोंडेपाशी जातात, की पुढचा माणूस आडवा. आणि प्रयोगशाळेच्या डॉक्टरसाहेबांना ध्यास एकच, हे मणी धरून बसतात कशानं? "बन्सीलाल, अजून एकदा धुवा!" धुतलं साहेब. "सुटले?" नाही साहेब. "अजून एकदा!" बारा बारा वेळा पिचकारी मारली, काच हलवली, टिचक्या मारल्या... ढिम्म! एक मणी हलेल तर शपथ. आता असलं रोज बघणारा माणूस घरी येऊन भातावर वरणाचे थेंब टाकत 'हे बघ, असे चिकटतात' म्हणाला, तर यात त्याचं काय चुकलं? पण बायको, वच्छलाबाई, ताट सरकवून उठायची.

तीही बिचारी काय करणार? सातवा सरलेला. एक दिवस चुलीपुढे बसून हळूच म्हणाली, "तुमचं मला पटतं हो. पण कळा सुरू झाल्या तर हात कोणाचा धरू? तुमच्या डॉक्टरसाहेबांचा?"

बन्सीलाल उठून पाण्याचा माठ भरायला लागला. माठ भरलेलाच होता.

आणि दुसऱ्याच दिवशी झुंबरबाई यष्टीतून उतरल्या, त्या घरी नाही, थेट प्रयोगशाळेत! नऊवारीचा काष्टा, हातात पिशवी, पिशवीत लेकीसाठी डिंकाचे लाडू, आणि दारातूनच, "मच्छरनं पोट फाडीसन काय भेटस तुमले? पोर मनी, न्यायले उनू मी!" सगळे टेबलं सोडून उभे राहिले. डॉक्टरसाहेब तर खुर्चीच्या मागे! बन्सीलालचे कान लाल. पण त्यानं भांडण केलं नाही. स्टूल पुसलं, म्हणाला, "अक्का, बसा. एक डोळा मिटा. आठे देखा."

झुंबरबाईंनी आधी दोन्ही डोळे मिटले. मग एक उघडला. मग... तुम्हाला सांगतो, हातातली पिशवी खाली ठेवून त्या आणखी वाकल्या. इतक्या, की काच फुटते का काय म्हणून बन्सीलाल घाबरला.

"हाई काय शे? मंगळपोतना मनी?"

"हिवताप शे, अक्का. मच्छरना पोटले चिकटेल. धुतलं तरी सुटत नही. पण चावल्यावर हा डास भिंतीवर बसतो, आणि भिंतीला औषध असलं तर हे पिकायच्या आतच मरतो. म्हणून भिंत मागतो मी तुमची."

झुंबरबाईंनी डोळा काढला नाही. तसंच वाकून, काचेशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "मनी शेवंती नऊ दिन तापमा व्हती. तिले बी हाईच?"

शेवंती म्हणजे वच्छलाबाईची थोरली बहीण, सहा वर्षांची होऊन गेलेली. ती गेली त्या वर्षीच्या दिवाळीला आई घर सारवत होती, तेव्हा पोरीनं गेरूत हात बुडवून ओट्याजवळच्या भिंतीवर ठसा उठवला होता. एकच. बावीस वर्षं झुंबरबाई त्याच्या कडेकडेनं घर सारवतात. आणि फवारणीवाले म्हणाले होते, पांढरा थर बसेल, सगळं झाकलं जाईल.

हे सगळं झुंबरबाईंनी त्या स्टुलावर बसूनच बन्सीलालला सांगितलं. रविवारी तो फवारणीवाल्यांबरोबर स्वतः गेला. छप्पर झालं, गोठा झाला, माजघर झालं. ओट्याजवळ आल्यावर त्यानं सासूकडून जेवायची पितळी थाळी मागून घेतली, त्या एवढ्याशा हातावर धरली आणि म्हणाला, "मारा!" थाळी पांढरी, सदरा पांढरा, मिशा पांढऱ्या, बन्सीलाल खोकून खोकून बेजार... थाळी हलली नाही. फवारणीवाला चिंधा म्हणाला, "भाऊ, थाळीएवढी जागा सुटी गई ना! तठे मच्छर बसना तं?"

"बसू दे," झुंबरबाई पदरानं जावयाच्या मिशा पुसत म्हणाल्या, "मी शे ना माराले!"

मग पाठवली लेक. पाठवली, आणि बन्सीलालचं देवपुरातलं घर खायला उठलं. महिना गेला, सव्वा महिना गेला. पोस्टमन दिसला की हा सुई हातात तशीच घेऊन व्हरांड्यात! शेवटी एकदाचं कार्ड आलं, शाळामास्तरांकडून लिहून घेतलेलं, यष्टीच्या कंडक्टरबरोबर आलेल्या एका डब्याला बांधून. झाकणाला भोकं पाडलेली, आत ओलं फडकं आणि सात जिवंत डास. कार्डावर ठळक अक्षरांत, "चिरंजीव जवाईबुवांस आशीर्वाद. गल्लीत ज्यांनी औषध मारू दिलं नाही, त्यांच्या घरचे मच्छर तांब्या पालथा घालून धरले आहेत. पोटं बघून मणी आहेत का ते ताबडतोब कळवणे. मला त्या लोकांशी भांडायला जायचं आहे." आणि अगदी तळाला, जागा संपत आल्यावर, मुंगीएवढ्या अक्षरांत, "मुलगी झाली. दोघी खुशाल. बाळ बघायला नंतर यावे, आधी मच्छरचं कळवणे."

बन्सीलालनं ती तळाची ओळ चार वेळा वाचली. डोळे पुसले. आणि मग काय करतो बिचारा... बसला सात पोटं उघडायला!