लाँच कुठल्या बंदराला?

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. माझा पुतण्या जयेश बोईसरला कारखान्यात आहे. एकदा घरी येऊन म्हणाला, "काका, नवीन कॉम्प्युटर लाँच होणार हाय. टॉवर नको, वायर नको. नेट थेट आभाळातून!"

मी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. आमच्या माकुणसारला लाँच म्हणजे पाण्यातली बोट. मी विचारलं, "केळव्याला लागंल, का सातपाटीला?"

जयेश पोट धरून हसला. "अवो काका, लाँच म्हंजे बाजारात येणार!"

माझी नात नमिता तेव्हा नर्सिंगचा फॉर्म भरायला मोबाईल घेऊन रेंजसाठी कधी छपरावर, कधी पाण्याच्या टाकीवर चढत होती. फॉर्म अर्धा भरला की ते चाक गरगर फिरत बसायचं. ती म्हणाली, "आजोबा, पालघरला दुकानात भरून येऊ या ना."

"घाई कशाला?" जयेश म्हणाला. "कॉम्प्युटर येतोच हाय. घरात बसून भर."

मीच तिला म्हटलं, "थांब गं पोरी. शिकलेला माणूस सांगतोय."

ती थांबली. कॉम्प्युटर काही आला नाही. शेवटी तिला घेऊन पालघरला गेलो. दुकानदाराने पडद्यावर बघून मान हलवली. "बाबा, मुदत काल संपली. फॉर्म महिनाभर नेटवर होता की!"

 मी म्हणालो, "तो नेटवर होता रे बाबा. आमी माकुणसारला होतो."